जगप्रवासाची रंगीत तालीम

खटक्यांनी त्या दिवशी ठरवलं होतं ते एवढंच, की कारखान्यातलं एक छोटं कुलूप घरी घेऊन जायचं. (चोरून नव्हे. रीतसर पैसे भरून, पावती खिशात घालून.) त्यानंतर त्यांची नोकरी गेली, वाचा गेली आणि भर बाजारातून हातगाडीवर आडवे पडून ते घरी आले. यातलं काहीही त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

खटके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव होतं, पण ते सहीपुरतं. ते कुलपांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेलं कुलूप त्यांच्या टेबलावर यायचं, ते उचलून कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि किल्ली फिरवायचे. 'खट्' असा स्वच्छ आवाज आला तर कुलूप पास. 'खटक्' आला तर दुरुस्तीला परत. आणि 'खर्र' आला तर ज्याने ते जोडलं त्याला बोलावणं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी अशी कान देऊन काढली. कारखान्यात तर म्हणायचे, की त्यांचा उजवा कान डाव्यापेक्षा वाढलाय. (बायकोने एकदा शिवणाची टेप लावून बघितलं. दोन्ही कान सारखे निघाले. पण ही गोष्ट खटक्यांनी कारखान्यात कळू दिली नाही. माणसाला थोडी कीर्ती लागतेच.)

बायको घरीच शिवणकाम करायची. नवे कपडे कमी, दुरुस्ती जास्त. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. आणि का कोण जाणे, दूरच्या प्रवासाला निघालेली माणसं हमखास तिच्याकडे यायची, तीही निघायच्या आदल्या दिवशी. "उद्या निघायचंय हो, आज द्याच." मग गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं आणि ती त्याच्या पायाशी बसून, तोंडात टाचण्या धरून, पँटचा काठ दुमडायची. वर गिऱ्हाईक बोलत असायचं. कुठला समुद्र हिरवा आहे, कुठे बर्फात बूट रुततात, कुठे रात्री दहाला ऊन असतं. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला काही विचारता यायचं नाही. ती नुसतं "हं", "अं" करायची आणि भुवया वर-खाली करायची. अशा रीतीने घोट्याच्या उंचीवरून तिने अर्धं जग पाहिलं होतं.

तर त्या संध्याकाळी खटक्यांनी ते छोटं कुलूप टेबलावर ठेवलं. त्याचा आवाज त्यांना फार आवडला होता, बाकी काही कारण नव्हतं.

"हॅ हाय?" टाचण्यांमागून बायकोने विचारलं.

"बॅगेचं कुलूप. प्रवासाच्या."

"हुटं हिहालात?"

"जगभर!" पावाचा तुकडा चावत खटके म्हणाले.

थट्टा होती हो ती. घरात रोज होतात तशातली. पण बायकोने हातातला कोट बाजूला ठेवला आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून उशीत खोचल्या. त्या घरात टाचण्या बाहेर निघाल्या म्हणजे गोष्ट गंभीर. याआधी त्या निघाल्या होत्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा, आणि त्याआधी खटक्यांनी स्वतःच मिशी काढली तेव्हा.

"खरंच?" ती म्हणाली.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, "छे गं, गंमत केली." खटक्यांनी त्यासाठी तोंड उघडलंही. पण समोरचा चेहरा असा काही उजळला होता, की तिथे दिवा घालवायला हात पुढे होईना.

"खरंच," ते म्हणाले.

"आपण दोघं?"

"नाहीतर काय, मी एकटा?"

(हे वाक्य अगदीच जास्तीचं होतं. पण पाय घसरला की माणूस सावरायला म्हणून आणखी एक पाऊल टाकतो, आणि ते पुढेच पडतं.)

त्यानंतर गोष्टी खटक्यांना न विचारता घडत गेल्या. बायकोने जुना नकाशा भिंतीवर लावला. त्यावर तिच्या टाचण्या चढल्या. बाजूला टाकलेले पैसे बाहेर आले, तिकिटं आली. आणि जगभर जायचं तर रजा पुरत नाही, म्हणून एका सोमवारी खटक्यांनी राजीनामा दिला. मॅनेजरसाहेब चष्मा काढून त्यांच्याकडे बघतच राहिले. निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी मिळून त्यांना गजराचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ! मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही? अहो, तुम्ही दूध आणायला गेलात तरी दोनदा परत येऊन दार ओढून बघता. आता काय, जगातून परत येणार का दार बघायला?"

"तू आईला दे फोन," खटके म्हणाले.

बाहेरून ते छाती काढून हिंडत होते. जिन्यात कुणी भेटलं की "काय मग, निघालात?" "निघालो!" असा मोठा आवाज. आतून मात्र पाचावर धारण बसली होती. रोज सकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची आणि खटक्यांचे पाय आपोआप चपला शोधायचे. मग ते गॅलरीत जाऊन, टॉवेल वाळत घालण्याचं निमित्त करून, बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे. इथे त्यांच्या कानाला मान होता. तिकडे परक्या मुलखात त्यांना कोण विचारणार? रस्ता चुकला तर? आजारी पडलो तर? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिला तिथे काही आवडलंच नाही तर? पण हे बोलायचं कुणापाशी? ती आत मशीनवर बसून त्यांच्या पँटला आतल्या बाजूने चोरखिसे शिवत असायची आणि गुणगुणत असायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती गुणगुणते हे खटक्यांना माहीतच नव्हतं.

मग त्यांनी भ्यालेला माणूस करतो तेच केलं. नियम केले.

"हे बघ," एका सकाळी ते म्हणाले, "आमच्याकडे तपासल्याशिवाय माल बाहेर जात नाही. आपण दोघं म्हणजे तरी काय? मालच. तेव्हा आधी आठवडाभर चाचणी. घरातच."

"घरात कसली चाचणी?"

"ही बैठकीची खोली म्हणजे आपलं लॉज. स्वयंपाकघर सोडून बाकीच्या खोल्या, कपाटं, सगळं बंद. बॅगेत आहे तेवढ्यावर जगायचं. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की परदेश. तिथली भाषा आपल्याला येत नाही. जे काही लागेल ते खाणाखुणांनी मागायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही."

"भाजीवाल्याशी पण?"

"भाजीवाला परदेशी."

"अहो, तो तुम्हाला काका म्हणतो."

"सध्या त्याला काका हा शब्द माहीत नाही. आणि एक लक्षात ठेव. मध्येच तुटलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. आमच्याकडे किल्ली फिरवता फिरवता मशीन बंद पडलं, की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. तसंच इथे. कुणी एक शब्द बोललं, की आठवडा पहिल्यापासून."

निघायला जेमतेम पंधरवडा उरला होता. (खटक्यांचा मनातला हिशेब असा, की बायकांना बोलल्याशिवाय राहवत नाही. चाचणी तुटत राहील, दिवस निघून जातील, आणि न जायचा दोष कुणावरही न येता सगळं आपोआप बारगळेल. हा हिशेब त्यांनी स्वतःलासुद्धा नीट सांगितला नव्हता.)

खोल्यांना कुलपं लागली. सगळी खटक्यांनी स्वतः पास केलेली, त्यामुळे दाद द्यायचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच सकाळी लक्षात आलं, की टॉवेल आतल्या कपाटात राहिले. खटक्यांनी शर्टाने अंग पुसलं आणि मग तोच शर्ट घातला. "प्रवासात असं होतं," असं म्हणताना त्यांचे दात वाजत होते. बायकोच्या बॅगेत दोन टॉवेल होते, पण ते तिने दुपारपर्यंत दाखवले नाहीत.

मग ते बाजारात, म्हणजे परदेशात गेले.

आणि तिथे खटक्यांच्या हिशेबाला पहिला तडा गेला. बायकोला खाणाखुणा येत होत्या! येणारच. अर्धं आयुष्य तोंडात टाचण्या धरून तिने गिऱ्हाइकांशी सौदे केले होते. तिने एक भुवई उचलली, भाजीवाल्याने टोमॅटो बदलून दिले. तिने ओठ किंचित मुडपले, त्याने भाव उतरवला. तिने नुसता सुस्कारा टाकला, त्याने दोन लिंबं वर टाकली. एक शब्द नाही! जाताना भाजीवाला म्हणाला, "आज काकू किती गोड बोलल्या."

खटके जिद्दीला पेटले. "अंडी मी आणतो," असं त्यांनी छातीवर हात ठेवून खुणेने सांगितलं आणि ते किराणावाल्याच्या फळीसमोर उभे राहिले.

दुकानदार खुशीत म्हणाला, "या काका! काय देऊ?"

खटक्यांनी बोटांनी लांबट गोल करून दाखवला. दुकानदाराने बटाटा पुढे केला. खटक्यांनी मान हलवली आणि गोल लहान केला. दुकानदाराने सुपारीएवढा कांदा काढला. खटक्यांनी कपाळ पुसलं. अशाने भागणार नव्हतं. गोष्ट मुळापासून समजावायला हवी होती. अंड्याच्या मुळाशी कोंबडी असते.

तेव्हा त्यांनी काय केलं, दोन्ही कोपरं बरगड्यांशी घट्ट धरून फडफडवली. मान पुढे काढली. मग गुडघे वाकवून ते हळूहळू खाली बसले आणि कोंबडीला त्या क्षणी जे काही वाटत असेल ते सगळं चेहऱ्यावर आणलं. आवाज काढायला मनाई. (नियम त्यांचेच.) त्यामुळे सगळा जोर चेहऱ्यात उतरला. डोळे बाहेर आले, गाल लाल झाले, मानेच्या शिरा ताठल्या.

दुकानदाराच्या हातातला कांदा खाली पडला.

"काका? काका, काय होतंय? अरे धावा, काकांना झटका आला! खुर्ची आणा! पाणी आणा!"

खटक्यांनी घाईघाईने दोन्ही हात हलवून 'तसं नव्हे' असं सांगितलं.

"हात उडायला लागले! धरा त्यांना!"

"बोलताय का काका? काही बोला!" कुणीतरी ओरडलं.

बोला? खटक्यांनी बाणेदारपणे ओठ घट्ट मिटले आणि नकारार्थी मान हलवली.

"वाचा गेली," कुणीतरी मागे हळूच म्हणालं.

"नोकरी सोडल्याचा धक्का हो. दुसरं काय."

"एवढी वर्षं एका जागी बसलेला माणूस. उपटला की सुकतोच."

बायको गर्दीतून वाट काढत आली. हा प्रकार बघताच तिने ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे गदगदा हलू लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती हसते आहे हे फक्त खटक्यांना कळत होतं. बाकीच्यांना गलबलून आलं. "काकू, धीर सोडू नका," असं म्हणत दोन बायकांनी तिला धरलं. आणि कोबीच्या गड्ड्यांमध्ये जागा करून, चौघांनी उचलून, खटक्यांना हातगाडीवर ठेवण्यात आलं. सगळ्या रस्त्याने ते आकाशाकडे बघत घरी आले. गाडीवाल्याने पोचवल्यावर दोन कोबी त्यांच्या पोटावर ठेवल्या आणि डोळे टिपत तो निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, घरी आल्यावर तरी या गृहस्थाने तोंड उघडायचं! पण त्यांच्या मागोमाग शेजारपाजार आत शिरला होता. परदेशी माणसं लॉजवर आली तर बोलायचं की नाही याचा नियम केलेला नव्हता, आणि नियम नसला की तपासनीस सगळ्यात कडक नियम धरतो.

सगळ्यांत पुढे खालच्या मजल्यावरच्या मावशी होत्या. मावशी म्हणजे निवृत्त नर्स. हाडापेराने काटक, बोलणं इंजेक्शनसारखं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं आपापल्या संसारात होती, आणि एवढी मोठी बाई दिवसभर जिन्यातल्या कुंड्यांना शिस्त लावत बसायची. त्यांनी सगळ्यांना हटवलं आणि खटक्यांच्या समोर स्टूल ओढलं.

"जीभ बाहेर."

खटक्यांनी काढली.

"हात वर. दोन्ही. आता हसून दाखवा."

खटके हसले.

"हसू वाकडं आहे," मावशी गंभीरपणे म्हणाल्या. (ते जन्मापासून तसंच होतं. लग्नाच्या फोटोतसुद्धा तसंच आहे.) "नाडी बरी आहे. पण एक सांगते, या माणसाला आता हलवायचं नाही. वर्षभर तरी नाही. घर, कारखाना, घर. सवयीचं तेवढंच. प्रवास तर विसराच!"

शेवटचं वाक्य त्यांनी असं काही जोरात म्हटलं, की खटक्यांच्या पोटात एकदम गरम गरम काहीतरी पसरलं. ते सुख होतं. विसराच! डॉक्टरी सल्ला! कुणी दोष देणार नाही, कुणी हसणार नाही, आणि पुढच्या सोमवारी कोपऱ्यावर बस उभी असेल.

आणि मग त्यांची नजर बायकोकडे गेली. ती नकाशासमोर पाठमोरी उभी होती आणि त्यावरची एक सैल झालेली टाचणी अंगठ्याने आत दाबत होती.

पुढचे दोन-तीन दिवस घरात माणसांची रीघ लागली. फळं आली, फुलं आली, समोरच्या बिऱ्हाडाने सूप धाडलं. मुके होऊन बसण्यात एक मोठं सुख आहे हे खटक्यांना नव्यानेच कळत होतं. 'काय मग, निघालात का?' असं कुणी विचारत नव्हतं. खोटं 'निघालो!' म्हणावं लागत नव्हतं. माणसं गेली आणि दोघंच उरले, की बोलायला मोकळीक होती. पण तेव्हाही ते फारसं बोलेनात. बायको दोनदा म्हणाली, "आता कुणी नाहीये इथे." ते म्हणाले, "हं." मशीन चालू होतं, पण गुणगुणणं थांबलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात मॅनेजरसाहेब उभे राहिले. मागे मावशी होत्याच. साहेबांच्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि चेहरा असा, की तो गुच्छ कुठे ठेवतात ते त्यांनी घरून विचारून यायला हवं होतं.

"खटके," साहेब त्यांच्याजवळ बसले आणि उगाचच मोठ्याने बोलू लागले, "ऐकू येतंय ना?"

खटक्यांनी दोन्ही कानांना हात लावून ते शाबूत असल्याचं दाखवलं.

"मग झालं तर! अहो, तुमच्या कामाला कान लागतो, तोंड कुठे लागतं? तुमचा राजीनामा मी अजून पुढे पाठवलाच नाही. टेबल तसंच आहे, खुर्ची तशीच आहे. तुमच्या जागी मशीन आणलं. दिवा हिरवा लागला की पास. दिवा हिरवाच लागतो हो सारखा! गिऱ्हाइकं कुलपं परत आणून आमच्या डोक्यात घालतायत. सोमवारी या. बस थेट तुमच्या दाराशी पाठवतो. नुसती मान हलवा."

"हलवा हो," मावशी मागून म्हणाल्या. "एवढं सांगतायत साहेब! पुढे-मागे हलवा, की झालं. मी धरू का मान?"

साहेबांनी खिशातून एक नवं कोरं कुलूप काढून त्यांच्या हातात ठेवलं. खटक्यांनी काही ठरवायच्या आधीच हात कानाकडे गेला. डोळे मिटले. किल्ली फिरली.

डोळे मिटलेल्या त्या अंधारात त्यांना आपलं टेबल दिसलं. दिव्याची पिवळी शेड, तेलाचा वास, अमुक वाजता येणारा चहा. 'खटके म्हणाले ना, मग पास' असं म्हणणारी माणसं. एक होकार, आणि हे सगळं परत. कुणाला काही सांगायला नको, कधीच.

त्यांनी डोळे उघडले. खोलीच्या पलीकडे बायको मांडी घालून बसली होती. मांडीवर त्यांची प्रवासाची पँट, तोंडात टाचण्या. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. अगदी जाणूनबुजून बघत नव्हती. काठ दुमडायची आणि एकेक टाचणी लावायची. मग तीच काढून पुन्हा तिथेच लावायची. तिने भुवईसुद्धा उचलली नाही. जी बाई भुवई उचलून भाव उतरवते, ती नवऱ्याच्या बाबतीत काहीच मागत नव्हती.

तिला न मागता राहायला किती जोर लावावा लागतोय, ते खटक्यांना तिच्या हातावरून दिसलं. आणि इतके दिवस पोटात बसलेली ती भीती त्यांना एकाएकी फार लहान वाटायला लागली. गेली नाही. पण खिशात मावेल एवढी झाली.

"स्प्रिंग ढिली आहे," खटके म्हणाले.

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. (पडलीही. बायकोच्या तोंडातून.)

"आं?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

"कुलपाची. थोडी आखूड घ्या, आणि जोडणाऱ्याला सांगा, घाईने बसवू नको. आणि नोकरी नको साहेब. आम्ही जगप्रवासाला निघालोय. तुमचे आभार."

मग जो गलका झाला तो विचारू नका. "बोलले! काका बोलले!" जिन्यावरून बातमी खाली धावली. किराणावाला दुकान उघडं टाकून आला आणि खटक्यांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका, माझं एकदा नाव घ्या!" समोरच्या बिऱ्हाडात सूपच गुणकारी होतं यावर एकमत झालं. साहेब गुच्छ हातात घेऊन उभे राहिले होते, तो त्यांनी शेवटी भांबावून मावशींना दिला. मावशींनी तो घेतला, पण त्या अभिनंदन करेनात. "लवकर बरे झालात," एवढंच म्हणाल्या, आणि तेही असं, की जणू खटक्यांनी औषध अर्ध्यावर टाकलं होतं.

संध्याकाळी सगळी पांगल्यावर दोघं गॅलरीत चहा घेऊन बसले. कोपऱ्यावरून कारखान्याची परतीची बस गेली. खटक्यांनी ती पाहिली आणि पाहून झाल्यावर कपाकडे वळले.

"चाचणी तुटली गं," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून?"

"ती तर पहिल्याच दिवशी तुटली होती. तुम्हाला गाडीवरून आणलं ना, त्या दुपारी मी खाली जाऊन मावशींशी तासभर बोलले. तोंड दुखेपर्यंत."

"काय बोललीस?"

"म्हटलं, ह्यांना काही झालेलं नाही, हे कोंबडी झाले होते."

खटक्यांनी घाईने चहाचा घोट घेतला.

"आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या साहेबांना फोन केला."

"तू? तू बोलावलंस त्यांना?"

"अहो, रोज सकाळी तोच एक टॉवेल वाळत घालताय गॅलरीत. कोरडा! मला काय दिसत नाही? म्हटलं, घाबरलाय हा माणूस, आणि सांगताही येत नाहीये. परत जायला एक दार तरी उघडं असू दे. मग राहायचं की निघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

"आणि तुझं जग?"

तिने कप खाली ठेवला. "तुम्ही थट्टेत म्हणालात, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण म्हटलं, थट्टेत का होईना, निघालं तर तोंडातून. आज मात्र मी टाचण्या काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर तुम्ही पुन्हा माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणाला असतात. मला या वेळी तुमचं हो पाहिजे होतं."

त्यांनी तिचा हात धरला. बोटांची टोकं सुयांनी खरखरीत झालेली. ही बोटं पुढच्या महिन्यात बर्फाला हात लावणार, या विचाराने त्यांना भरून आलं, आणि आपण काहीतरी फार मोठं केलं अशी भावना छातीत हळूहळू फुगू लागली. एका माणसाने, एका शब्दात, बायकोच्या आयुष्याचं स्वप्न वाचवलं! असा नवरा किती जणींना मिळतो? ही भावना चांगली टम्म फुगल्यावर त्यांनी सहज विचारलं,

"आणि समज, मी साहेबांना हो म्हटलं असतं तर? तू काय केलं असतंस?"

"काय करणार?" बायको म्हणाली. "गेले असते की."

"कुठे?"

"जगभर. मावशींना घेऊन. त्यांना मी चाचणीच्या आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांची बॅगसुद्धा भरून झाली होती बिचारीची. म्हणून तर तुम्हाला वर्षभर हलवू नका म्हणत होत्या. तिकिटावर नाव बदलून मिळतं, मी विचारून ठेवलं होतं. तुमच्या जेवणाचं समोरच्या वहिनींना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, सूप तर सूप."

खटक्यांचा चहा निवला.

"पण मी येतोय ते..." त्यांनी आवाज जमेल तितका साधा ठेवला, "ते बरंच झालं ना?"

"बरं म्हणजे काय! तुम्ही पाहिजेच होतात मला," असं म्हणून तिने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं, रिकामे कप उचलले, आणि आत जाता जाता दारात थांबून जराशी हळहळली.

"फक्त एक आहे, मावशी घोरत नाहीत."